ताडपत्रीच्या रिंगा दर पावसाळ्यात का निघतात: काय तपासायचं आणि कुठली रिंग घ्यायची

वळीव सुरू झाला की आमच्याकडं एकच तक्रार घेऊन माणसं येतात: ताडपत्री चांगली आहे, फक्त रिंगा निघाल्यात, नव्या ठोकून द्या. खानापूरकडून भाताच्या आणि कच्च्या विटांवर घालायच्या ताडपत्र्या येतात. निपाणी-चिकोडीकडून तंबाखूच्या आणि सोयाबीनच्या येतात, बेळगाव शहरातून मंडपाच्या आणि टेम्पोच्या. नुसत्या रिंगा ठोकून दिल्या तर पुढच्या वाऱ्यात त्याच जागा पुन्हा सुटतात. दोष बहुतेक वेळा रिंगेचा नसतोच. तो दोरीत असतो, काठात असतो, नाहीतर रिंग आणि कापड यांची जोडी जमलेली नसते. म्हणून हातोडी उचलायच्या आधी तुटलेली जागा नीट बघायला हवी.

लक्षणं

तुमच्या ताडपत्रीला यातलं काय झालंय ते आधी ओळखा.

- रिंग गायब आहे, पण भोक गोलच्या गोल शिल्लक आहे. रिंगेनं कापड धरलंच नव्हतं.
- भोक काठाच्या दिशेनं लांबट होत गेलंय किंवा काठापर्यंत फाटलंय. ओढ जास्त झाली, नाहीतर काठ कच्चा आहे.
- निघालेल्या रिंगेत कापडाची गोल चकती अडकलेली आहे. रिंगेच्या कडेनंच कापड कापलं.
- रिंगेलाच उभी चीर गेलीय. पितळी रिंगेत हे दिसतं, आणि गोठ्याच्या पडद्यांना सर्रास.
- रिंगेभोवती तांबूस डाग आहे आणि तिथलं कापड बोटानं दाबलं तर भुसभुशीत लागतं. गंज लागलाय.
- रिंग जागच्या जागी आहे, दोरी मात्र दर थोड्या दिवसांनी तिथंच तुटते. रिंगेच्या आतली कड खरखरीत आहे.
- फक्त कोपऱ्यातल्या किंवा एकाच बाजूच्या रिंगा जातात. बांधायच्या पद्धतीत चूक आहे.

आता तपासणी. बिनखर्चाच्या गोष्टी आधी घेतल्या आहेत. या क्रमानंच जा, कारण पहिल्या दोन-तीन गोष्टींतच निम्म्याहून जास्त ताडपत्र्यांचं निदान होतं.

१. दोरी कशी बांधलीय?

याला पैसा लागत नाही आणि सगळ्यात जास्त फायदा इथंच होतो.

वाऱ्याचा जोर किती असतो याचा ढोबळ हिशेब सांगतो. ताशी ७२ किलोमीटरचा वारा आडव्या अंगानं आदळला तर दर चौरस मीटरला सुमारे २४ किलोचा दाब येतो. १२ बाय १८ फुटांची ताडपत्री म्हणजे साधारण २० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ पावणेपाचशे ते पाचशे किलो. दर तीन फुटांवर रिंग असेल तर चारही बाजू मिळून २० रिंगा होतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला २४-२५ किलो येतात. एवढं कुठलीही बरी रिंग सोसते. पण निम्म्या दोऱ्या ढिल्या असल्या तर उरलेल्यांवर दुप्पट ओढ पडते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर चौपट होतो. आणि ताडपत्री फडफडायला लागली की हाच जोर झटक्यानं, पुन्हा पुन्हा बसतो. रिंगा एकदम निघत नाहीत, एकामागून एक निघतात. पहिली सुटली की शेजारणीवर भार जातो.

म्हणून बघा: सगळ्या दोऱ्यांना सारखा ताण आहे का? एकाच कोपऱ्याच्या रिंगेत दोन दिशांच्या दोऱ्या बांधल्यात का? कोपऱ्याची रिंग तिरकी ओढली जाते, म्हणून दोन दिशांना दोन वेगळ्या रिंगा हव्यात. दोरी सुती किंवा तागाची आहे का? असल्या दोऱ्या भिजल्या की आखडतात. दुपारी ताणून बांधलेली दोरी रात्रीच्या पावसात आपोआप आणखी ताणते आणि सकाळी रिंग हातात येते. पावसाळ्यात अशी दोरी थोडी सैल ठेवावी, नाहीतर नायलॉनची वापरावी. नायलॉन ओलं झालं की थोडं ताणलं जातं, त्यामुळे त्याची गाठ अधूनमधून बघून आवळावी लागते.

झटका कमी करायचा असेल तर दोरी आणि खुंटी यांच्यामध्ये सायकलच्या किंवा मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा घाला. ट्यूब ताणते, झटका खाते, रिंगेपर्यंत तो पोचू देत नाही. पंक्चरवाल्याकडं जुन्या ट्यूब पडलेल्याच असतात.

आणि पाणी साचतंय का ते बघा. ताडपत्रीच्या पोटात चौरस मीटरभर जागेत १० सेंटिमीटर पाणी साचलं तर ते १०० किलो होतं. जांबोटी-कणकुंबीच्या पावसाला हे व्हायला वेळ लागत नाही. इथं कुठलीही रिंग कामाची नाही, मधे वासा देऊन उतार काढायचा.

२. कापडात जीव आहे का?

रिंगेपासून वीतभर आत, शिवण नसलेल्या जागी, दोन्ही हातांच्या चिमटीत कापड धरून जोरात ओढा. प्लास्टिकच्या विणीची ताडपत्री असेल तर नखानं खरवडून बघा. पापुद्रे सुटले, पावडर हाताला लागली, तर उन्हानं विण संपवलीय. सुती कॅनव्हास असेल तर काळ्या ठिपक्यांच्या जागी ओढून बघा. ती बुरशी असते. ओली ताडपत्री घडी घालून कोपऱ्यात टाकली की ती लागते आणि धागा आतून खाते.

कापड चिमटीत फाटलं तर पुढचं काही करू नका. मेलेल्या कापडात स्टेनलेसची रिंग ठोकली तरी भोक तेवढंच वाढेल. गिऱ्हाईक नाराज होतं, पण अशा ताडपत्रीवर पैसे घालायला लावणं बरोबर नाही. ती सरपण झाकायला, जमिनीवर अंथरायला वापरा.

३. चुंबक लावून बघा

मोबाइलच्या कव्हरचं किंवा जुन्या स्पीकरचं चुंबक चालतं. पिवळ्या रिंगेला चुंबक चिकटलं, म्हणजे आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. मुलामा ठोकतानाच वळणावर फुटतो आणि गंज तिथून सुरू होतो. लोखंडाचा गंज नुसता डाग पाडत नाही, तो सुती धागाही कुजवतो. म्हणून सुती कॅनव्हासवर लोखंडी रिंगा मी बसवत नाही. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर, एखाद्या हंगामाचं काम असेल, तर जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी रिंग परवडते.

तयार मिळणाऱ्या निळ्या-पिवळ्या प्लास्टिक ताडपत्र्यांना बहुतेक ॲल्युमिनियमच्या रिंगा असतात. त्या गंजत नाहीत, पण मऊ असतात. ओढ आली की रिंग लंबगोल होते आणि वॉशर, म्हणजे मागच्या बाजूनं बसणारी सुटी चकती, सुटतो. हलक्या झाकणीला ठीक. हिरव्या सुती कॅनव्हासला बुरशी लागू नये म्हणून काही वेळा तांब्याचं औषध लावलेलं असतं. त्यावर ॲल्युमिनियम बसवू नका, ओलाव्यात ते पोखरलं जातं.

पितळ हे सुती कॅनव्हासला सगळ्यात चांगलं. ठोकताना वळतं, चिरत नाही, पावसात टिकतं. चोर्ला घाटातून गोव्याला माल नेणाऱ्या गाड्यांनाही पितळच बरं, कारण खाऱ्या हवेत लोखंडी रिंग लवकर जाते. पण पितळेला एक वैरी आहे, आणि तो आपल्या भागात घराघरात आहे.

गोठ्याच्या पडद्यांच्या पितळी रिंगा का चिरतात, हे लोक दरवर्षी विचारतात. कारण अमोनिया. जनावरांच्या मुतातून आणि शेणातून अमोनिया निघतो, आणि दमट हवेत तो पितळेला लागतो. ठोकून वळवलेल्या पितळेत ताण साठलेला असतो. ताण, ओलावा आणि अमोनिया एकत्र आले की पितळ गंज न दिसता उभं चिरतं. ब्रिटिश फौजेला हा अनुभव हिंदुस्थानातच आला होता: पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं आपोआप तडकायची. तडकण्याचं कारण अमोनिया आहे, हे १९२१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. काडतूस काय आणि रिंग काय, दोन्ही पितळेचा पत्रा थंडच ओढून-ठोकून केलेल्या वस्तू. युरियाची पोती झाकणाऱ्या ताडपत्रीलाही हेच होतं, कारण सांडलेला युरिया ओला झाला की त्यातून अमोनिया सुटतो.

म्हणून गोठा आणि खताची खोली, इथं पितळ नको. स्टेनलेस घ्या, नाहीतर धातूच टाळून नवारीचे बंद शिवून घ्या. त्याबद्दल खाली लिहितो.

४. बोटानं फिरवा, कापूस फिरवा

शाबूत असलेली रिंग बोटांत धरून फिरवून बघा. फिरली तर ती नीट बसलेली नाही. आज ना उद्या निघणार. कापडासकट अजिबात न हलणारी रिंग बरोबर.

मग कापसाचा बोळा रिंगेच्या आतून फिरवा. कापसाचे तंतू अडकले तर कड फुटलेली आहे आणि तीच दोरी कापते. बारीक पॉलिश पेपरनं घासून काम भागतं. कड फाकून पाकळ्यांसारखी झाली असेल तर मात्र रिंग काढूनच टाका, कारण त्या पाकळ्या खालच्या बाजूनं कापडही कापत असतात.

५. काठ मोजा

इथून पुढं थोडा खर्च आहे.

रिंगेची बाहेरची कड आणि कापडाचा काठ यांच्यामध्ये निदान रिंगेच्या रुंदीएवढं कापड हवं. २५ मिलिमीटर रुंदीची रिंग असेल तर काठापासून २५ मिलिमीटर आत. याहून कमी असेल तर ओढ आल्यावर कापडाचे धागे घसरून काठाकडं सरकतात आणि भोक लांबतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे रिंगेखाली किती थर आहेत. एका थरावर ठोकलेली रिंग ही रिंगच नव्हे. काठ दोनदा दुमडून तीन थर व्हायला हवेत, आणि जड कामाला त्या दुमडीत नवारीची पट्टी किंवा दोरी घालून शिवलेलं असावं. आत दोरी असली की ओढ एका भोकावर न थांबता काठभर पसरते. कोपऱ्याला वरून जाड कापडाचं तिकोनी ठिगळ लावा, तिन्ही कडांनी दुहेरी शिवण मारून. जुनी ताडपत्री दुरुस्त करताना फाटलेल्या भोकातच मोठी रिंग ठोकायचा मोह होतो. तसं करू नका. जुनं भोक ठिगळानं झाकायचं आणि नवी रिंग हातभर बाजूला, धडधाकट जागी बसवायची.

वाऱ्याच्या जागी रिंगा तीन फुटांऐवजी दीड फुटावर घ्या. वरच्या हिशेबातले २४ किलो लगेच १२ वर येतात. महागड्या रिंगा लांब लांब बसवण्यापेक्षा साध्या चांगल्या रिंगा जवळ जवळ बसवणं कधीही जास्त टिकतं.

६. कुठली रिंग घ्यायची

दुकानात रिंगांना नंबर असतात, पण ते बनवणाऱ्यानुसार बदलतात. आपली दोरी सोबत न्या आणि आतला व्यास मोजून घ्या. ६ मिलिमीटरच्या दोरीला १० ते १२ मिलिमीटर आतला व्यास पुरतो. ८-१० मिलिमीटरच्या दोरीला १२ ते १६. उगाच मोठी घेतली तर काठात मोठं भोक पडतं आणि दुमडीत कापडच उरत नाही. आतलं भोक तेवढंच असलेल्या दोन रिंगांपैकी बाहेरची चकती जास्त रुंद असलेली घ्या. कापड चकती धरते, भोक नव्हे.

वॉशर दोन तऱ्हेचे येतात, साधा आणि दात्यांचा. दात्यांच्या वॉशरचे दाते कापडात घुसतात आणि रिंग फिरू देत नाहीत. सुती कॅनव्हास आणि जाड दुमडीसाठी दात्यांचाच घ्या, शिवाय रिंगेची कड गोल वळलेली, जाड पत्र्याची असावी. पातळ प्लास्टिकच्या ताडपत्रीत दाते विणीच्या पट्ट्या तोडतात, तिथं साधा रुंद वॉशर आणि खाली नवारीचा आधार बरा. वॉशरशिवाय नुसती नळी (रिंगेचा भोकातून जाणारा भाग) फाकवून बसवायच्या रिंगा कागदाला आणि चामड्याला ठीक, बाहेरच्या ताडपत्रीला त्या घेऊच नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते नळीच्या उंचीकडं. तीन थर आणि नवार यांतून नळी वर आल्यावर, वॉशर घातल्यानंतर, तिचं तोंड वॉशरच्या वर सुमारे २ मिलिमीटर दिसलं पाहिजे. कमी दिसलं तर वळायला धातूच उरत नाही आणि रिंग फिरत राहते. जास्त दिसलं तर वळताना फाटते किंवा कापड चेपलं न जाता मधे पोकळी राहते. गोल भोक ठेवून गायब झालेल्या रिंगांचं कारण बहुतेक हेच: पातळ कापडाची रिंग जाड दुमडीत ठोकलेली.

स्टेनलेसबद्दल एक सूचना. धातू उत्तम, पण कडक. हातोडीनं बसवायला गेलं की कड फुटते. त्याला प्रेस आणि बरोबर मापाची डाय, म्हणजे नळीचं तोंड वळवायचा साचा, लागते. घरी बसवणार असाल तर पितळ घ्या.

७. बसवायची रीत

लागतं काय: भोक पाडायचा पंच, त्याच मापाची डाय, जड हातोडी, भोक पाडायला लाकडी ठोकळा आणि ठोकायला लोखंडी ऐरण किंवा रेल्वेच्या रुळाचा तुकडा. जमिनीवर, फरशीवर ठोकू नका. खाली दबलं की घाव वाया जातो आणि रिंग तिरकी वळते.

भोक नळीच्या बाहेरच्या मापापेक्षा थोडं लहान पाडायचं, म्हणजे नळी दाबून घालावी लागेल. मी कामं तपासतो तेव्हा सर्वात जास्त वेळा हीच चूक सापडते: भोक सैल. सैल भोकात कापड नळीला टेकत नाही आणि सगळी ओढ नुसत्या चकतीच्या चिमटीवर येते. सुती कॅनव्हासमध्ये तर शक्य तिथं चांभाराच्या आरीनं धागे बाजूला सारून भोक करावं, कारण न कापलेला धागा रिंगेला विळखा घालून राहतो. प्लास्टिकच्या ताडपत्रीला तापवलेल्या सळईनं भोक पाडलं तर कड वितळून बंद होते आणि विण उसवत नाही. हे उघड्यावर करा, धूर नाकात जाऊ देऊ नका.

नळी कापडाच्या चांगल्या बाजूनं घाला, म्हणजे पाऊस लागणाऱ्या बाजूनं, वॉशर आतून. एकच जोराचा घाव घालू नका. तीन-चार मध्यम घाव, दर घावानंतर डाय थोडी फिरवून. रिंग हलायची थांबली की तुम्हीही थांबा. आणखी ठोकलं की कड कापडात रुतते आणि त्या चकतीएवढं कापड कापून ठेवते. लगेच काही दिसत नाही, पहिल्या वादळात दिसतं.

खरी ताडपत्री हातात घ्यायच्या आधी तेवढ्याच थरांच्या चिंधीवर एक रिंग बसवून ओढून बघा. पक्कडीनं ओढल्यावर कापड फाटावं, रिंग निघू नये.

८. रिंगच नको, अशा जागा

गोठा, खत, आणि रोज उघडझाक होणारे टेम्पोचे पडदे. इथं काठाला नवारीचे बंद दुमडून शिवून घ्या किंवा नवारीत अडकवलेली डी-रिंग लावा. शिवण चौकोनात आणि त्यात फुली मारून घालायची, पॉलिस्टरच्या जाड दोऱ्यानं. सुती दोरा पावसात कुजतो.

आणि मध्यरात्री रिंग निघाली, हाताशी काही नाही, तर गोल गुळगुळीत खडा घ्या. काठापासून वीतभर आत कापडात गुंडाळा आणि खड्याच्या मानेला दोरी आवळा. कापडाला भोक न पाडता ही बांधणी तेवढी रात्र काढून देते. टोकदार खडा घेऊ नका.

कुठं थांबायचं

ताडपत्री विजेच्या तारेजवळ असेल, तारेवर उडून अडकली असेल, तर हात लावू नका, दोरी ओढू नका, बांबूनं काढायला जाऊ नका. ओला बांबू आणि ओली दोरी वीज वाहतात. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाईनमनला बोलवा, तोवर माणसं आणि जनावरं लांब ठेवा.

वारा सुटला असताना पत्र्यावर किंवा छपरावर चढून रिंग बांधायची नाही. ताडपत्री गेली तर जाऊ दे.

गणपतीचा किंवा लग्नाचा मंडप, ज्याच्याखाली माणसं बसणार आहेत, तिथं रिंगा निघायला लागल्या तर रिंगा दुरुस्त करत बसू नका. खांब, पाया, ताण यांचा तो प्रश्न असू शकतो. माणसं बाहेर काढा आणि अनुभवी मंडपवाल्याकडून सगळा सांगाडा तपासून घ्या. मोठा मंडप असेल तर अभियंत्याला दाखवा.

पीव्हीसीचा थर असलेलं जाड कापड गरम हवेच्या मशीननं जोडतात. त्याचा काठ घरच्या शिलाई मशीनवर शिवला तर सुईच्या भोकांतून पाणी येतं आणि भोकांच्या रेषेतच ते फाटतं. तसंच काठ फूटभराहून जास्त उसवला असेल, किंवा तीन थर आणि नवार तुमच्या मशीनच्या सुईखाली जात नसेल, तर जड मशीन असलेल्या ताडपत्रीवाल्याकडं द्या.

त्याच्याकडं जाताना निघालेल्या रिंगा, बांधायची दोरी आणि फाटलेला काठ सोबत न्या, ताडपत्री कशावर घालता ते सांगा. काठ तीन थरांचा करून मागा, रिंगेचा धातू विचारा, चुंबक लावून बघा. सगळं काम सुरू व्हायच्या आधी त्याला एकच रिंग बसवायला सांगा आणि ती त्याच्यासमोर फिरवून बघा. फिरली, तर बाकीच्या बसवू देऊ नका.